गाव नव्हे, खोरे : भोर-वेल्ह्याच्या पाण्यात आपल्या वस्तीचा वाटा कुठे?

चार गावे एकत्र आली की विकास होतो, असे आपल्याला सांगतात. सरपंचांच्या प्रशिक्षणात सांगतात, ग्रामसभेत सांगतात, निवडणुकीच्या सभेत तर हमखास सांगतात. भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांत काम करताना हे वाक्य कानावर पडले की आमच्या मनात एकच प्रश्न येतो : गाव एकत्र येते म्हणजे नेमके कोण एकत्र येते?

प्रश्न कुरापत काढण्यासाठी नाही. डोंगरी तालुक्यात एकट्या गावाच्या हातून काही होत नाही, हे आम्हालाही दिसते. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची अख्खी लोकसंख्या पंचावन्न हजारांच्या आसपास होती, पुण्याच्या एखाद्या उपनगराएवढी. तीही डोंगरकपारीत, धरणांच्या कडेला विखुरलेली. वित्त आयोगाचा पैसा मुख्यतः माणसे मोजून येतो. दोनशे-अडीचशे माणसांच्या गावाला त्यात काय मिळणार? नळयोजना नाही, रुग्णवाहिका नाही, धड साकवसुद्धा नाही. म्हणजे गावांनी एकमेकांचा हात धरणे ही गरज आहे. हात धरताना आपला हात त्यात आहे की नाही, एवढेच आम्ही विचारतो. आणि ते विचारायचे तर इतिहासात मागे जावे लागते, कारण गावागावांचे सहकार्य ही सरकारी योजनेने कालपरवा शोधलेली गोष्ट नाही.

मावळात गावे जुन्या काळापासून खोऱ्याने ओळखली जातात. रोहिडखोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, हिरडस मावळ, कानद खोरे, मोसे खोरे. प्रत्येक खोऱ्याला देशमुख, गावाला पाटील-कुलकर्णी, आणि तंटा पडला की गोतसभा. गोतसभेच्या निवाड्याचा जो महजर होई, त्यावर वतनदारांबरोबर बलुतेदारांच्याही निशाण्या पडत. या गोष्टीचे आजकाल फार कौतुक होते : बघा, आपल्याकडे किती लोकशाही होती! कौतुक करणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की निशाणी पडणे वेगळे आणि निवाडा करणे वेगळे. दोन गावांत शिवेचा वाद झाला की महाराला पुढे घालत, कारण शीव त्यालाच पाठ. शीव त्याने दाखवायची. शिवेच्या आतली जमीन मात्र दुसऱ्याची.

सारा तालुक्याच्या खजिन्यात पोचवणे, एका गावचा सांगावा दुसऱ्या गावी नेणे, सरकारी माणसाचे ओझे पुढच्या गावच्या वेशीपर्यंत वाहणे, मयताची खबर पाहुण्यांना देणे, ही सगळी कामे महाराची. आज ज्याला आंतरग्राम समन्वय म्हणतात, तो शेकडो वर्षे महाराच्या पायांवर चालला. रस्ता, टपाल आणि तारखाते एकाच माणसात. ब्रिटिश मुलखात १८७४ च्या वतन कायद्याने ही राबणूक कागदावरही पक्की केली, आणि १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात तिच्या विरोधात विधेयक आणले. गावगाड्याच्या गोडव्यात हा भाग सहसा येत नाही.

पण याच चालण्यातून दुसरी एक गोष्ट घडली, आणि आमच्या मते या भागाच्या इतिहासातला हा फार मोलाचा धागा आहे. गावोगाव फिरणाऱ्या माणसाला गावोगावचे आपले लोक माहीत असतात. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली आणि सैन्यात, पोलिसात, सरकारी नोकरीत प्रवेश मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज केला. सासवड आपल्या शेजारचे, पुरंदर तालुक्यातले. ५१ गावे! एकेका गावात पाच-दहा घरे, गावकीत शून्य किंमत. पण ५१ महारवाडे एका अर्जाखाली आले तेव्हा ते सरकारला ऐकावे लागेल असे माणसांचे बळ झाले. त्या अर्जावर गावकीचा ठराव नव्हता, पाटलाची शिफारस नव्हती. गावाच्या सीमा ओलांडून माणसे जोडली गेली होती आणि जोडण्याचा आधार गाव नव्हता, समान दुःख आणि समान मागणी हा होता. ग्रामीण सहकार्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इथून का करू नये?

आता भोरकडे येऊ. आजचे भोर आणि वेल्हे हा पंतसचिवांच्या भोर संस्थानाचा मुलूख. संस्थानचे तालुकेही गडांच्या नावाने : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि घाटाखालचा सुधागड. (२०२४ मध्ये वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करायचा निर्णय झाला, तेव्हा तरुणांना ते नवे वाटले. संस्थानी दप्तरात राजगड तालुका होताच.) संस्थान असल्यामुळे मुंबई इलाख्याचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. ही गोष्ट वरवर तांत्रिक वाटते, पण आपल्या लोकांसाठी तिचा अर्थ काय होता ते पाहा.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठराव करून चवदार तळे खुले केले. म्हणजे एका स्थानिक स्वराज्य संस्थेने वरच्या सभागृहाचे ऐकले, कागदावर. तळ्यावर जाण्याची परिस्थिती मात्र तिने निर्माण केली नाही. म्हणून बोले यांना १९२६ मध्ये दुसरा ठराव आणावा लागला : जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड हे मानणार नाही त्याचे अनुदान रोखा. हा दुसरा ठराव आपण विसरतो, पण प्रशासनाच्या नजरेने तोच महत्त्वाचा. हक्काची घोषणा एका बाजूला, अनुदानाची दोरी दुसऱ्या बाजूला. पुढे १९ आणि २० मार्च १९२७ ला काय झाले ते आंबेडकरी घरातल्या लहान मुलालाही माहीत आहे. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाच्या बरोबर चौथ्या वर्षी त्याच तारखेला, महाड नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. स्थानिक संस्थेच्या हाती हक्क सोपवला की तो सनातनी दबावाखाली एका बैठकीत परत घेता येतो. १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत दहा वर्षे गेली.

महाड आपल्यापासून किती दूर? वरंधा घाट उतरला की महाड. घाटाच्या खाली बोले ठराव, नगरपालिका, सत्याग्रह, कोर्ट. घाटाच्या वर पंतसचिवांचे राज्य, जिथे त्या ठरावाचा अंमल नाही आणि अनुदान रोखण्याची दोरीही नाही. पाणी तर दोन्हीकडे सह्याद्रीचेच. डोंगराच्या एका बाजूला कायदा आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगले. 'स्थानिकांनी स्थानिक प्रश्न सोडवावेत' हे वाक्य कोणी मोठ्या आवाजात म्हटले की आम्हाला हा घाट आठवतो.

बाबासाहेबांना हे नेमके कळत होते. पुणे करार झाला २४ सप्टेंबर १९३२ ला. त्यानंतर अवघ्या बाराव्या दिवशी, ६ ऑक्टोबरला, ते मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलायला उभे राहिले. जातीने जखडलेल्या, उच्चनीचतेला धर्म मानणाऱ्या लोकवस्तीच्या हातात सत्ता, त्यातही न्यायनिवाड्याची सत्ता, देण्यावर त्यांनी कडाडून हल्ला चढवला आणि अल्पसंख्यांसाठी संरक्षणाची मागणी केली. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याचे जे वर्णन केले, ते सर्वांना पाठ आहे. गांधीवादी सभासद दुखावले, आणि २२ नोव्हेंबरला ग्रामपंचायतींचा अनुच्छेद ४० मार्गदर्शक तत्त्वांत आला.

इथे आमचे काही कार्यकर्ते थांबतात. बाबासाहेबांनी खेडे नाकारले, मग आपण ग्रामपंचायतीच्या भानगडीत कशाला पडायचे, शहर गाठावे, असा त्यांचा हिशोब. आम्हाला तो अर्धवट वाटतो. बाबासाहेबांनी खेडे हे एकक नाकारले, हे खरे. पण त्याच्या जागी त्यांनी काय ठेवले, ते वाचले पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे-वीज हे विषयही त्यांच्या खात्याकडे होते. दामोदर, महानदी, सोन या नद्यांच्या बहुउद्देशीय योजनांचा पाया याच काळात घातला गेला. ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात दामोदर परिषद, ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकमध्ये ओरिसाच्या नद्यांवर परिषद. दामोदर बंगाल आणि बिहार अशा दोन प्रांतांतून वाहते. त्यांची भूमिका अशी की नदीचे खोरे हे एक एकक आहे. प्रांताने प्रांतापुरते पाहिले तर पूरही थांबणार नाही आणि वीजही मिळणार नाही. म्हणून प्रांत आणि केंद्र यांनी मिळून एक यंत्रणा उभारावी, आणि लाभ खोऱ्यातल्या सामान्य माणसापर्यंत पोचावा. १९४८ मध्ये कायद्याने दामोदर खोरे महामंडळ झाले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर ते आणखी पुढे गेले : शेती सरकारी मालकीची, आणि अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र वसाहती. गावकुसाबाहेरची पाच घरे ही त्यांच्या दृष्टीने गावाच्या दयेवर सोडायची गोष्ट नव्हती. विखुरलेपण हेच गुलामीचे कारण आहे, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणजे बाबासाहेबांकडे सरकारांच्या सहकार्याचा एक नमुना आहे. एकक मोठे, अधिकार कायद्याने बांधलेले, आणि दुर्बळाचा वाटा लेखी.

आता हा नमुना भोर-वेल्ह्याला लावून पाहू, कारण खोरे, नदी आणि धरण हे तिन्ही इथे आहे. वेळवंडी नदीवर भाटघरला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच धरण बांधले. त्याखाली नवे मोठे लॉइड धरण १९२८ च्या सुमारास पुरे झाले. संस्थानच्या हद्दीत पाणी अडले आणि नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे गेले. तिथे ऊस आला, साखर कारखाने आले. स्वातंत्र्यानंतर नीरा-देवघर झाले, गुंजवणी झाले. वेल्ह्यातल्या पानशेत-वरसगावचे पाणी पुणे शहर पिते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्याची आठवण पुणेकर आजही काढतात, आणि काढावीच. पण धरण फुटण्याआधी आणि पुन्हा बांधल्यावर ज्या गावांवरून पाणी फिरले, त्यांची आठवण काढणारा दिवस शहरात नाही. २०१९ मध्ये नीरा-देवघरच्या पाण्यावरून बारामती आणि पलीकडचा दुष्काळी भाग यांच्यात मोठा वाद रंगला. त्या सगळ्या वादात भोरचे नाव धरणाचा पत्ता सांगण्यापुरते होते.

याला 'प्रादेशिक विकास' म्हणतात. विकास झालाच, प्रदेशही झाला. फक्त वरच्या खोऱ्याला त्या प्रदेशात पाणलोट म्हणून जागा मिळाली. आणि या वरच्या खोऱ्यातही आणखी एक उतरंड आहे. धरणात जमीन गेलेल्याला निदान खातेदार म्हणून कागद मिळतो, जमिनीला जमीन मागता येते. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या बांधावर राबत होता, त्याचे काय बुडाले ते सातबारावर दिसत नाही.

८ मार्च १९४८ ला भोर संस्थान विलीन झाले. त्याआधी १९४७ मध्ये दक्षिणेतल्या छोट्या संस्थानांनी मिळून एक संघराज्य करायचा घाट घातला होता आणि भोर त्यात होते. छोट्या सरकारांच्या सहकार्याचाच तो एक प्रकार. तो रुजण्याआधीच विलीनीकरण झाले आणि आमच्या मते बरे झाले; राजांनी राजांशी हातमिळवणी करून महारवाड्यात कोणता उजेड पडला असता?

१९५८ हे साल मात्र तरुणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षाच्या नावाने दोन कायदे आहेत. एक, कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा. तो १ फेब्रुवारी १९५९ पासून लागू झाला. दुसरा, ग्रामपंचायत अधिनियम. तो १ जून १९५९ पासून. चार महिन्यांच्या अंतराने गावाचे ओझे आपल्या डोक्यावरून कायद्याने उतरले आणि गावाची सत्ता ग्रामपंचायतीच्या रूपाने नव्याने उभी राहिली. ओझे उतरले तेव्हा आपण सुटलो म्हणून आनंदलो. धम्मदीक्षेला तीनही वर्षे झाली नव्हती, गावकीची कामे नाकारण्याचा लढा गावोगाव चालू होता, बहिष्कार झेलले जात होते. नव्या सत्तेत शिरायचे भान त्या धामधुमीत सर्वांना कसे राहणार? पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. जिल्हा हे बळकट एकक ठरले. कारखाना, बँक, दूधसंघ आणि जिल्हा परिषद यांची सूत्रे बहुधा त्याच घराण्यांकडे राहिली. सहकार हा शब्द महाराष्ट्रात त्यांच्या मालकीचा झाला.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि प्रथमच लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा ही संविधानाची सक्ती झाली. आज आपल्या भागात बौद्ध महिला सरपंच दिसतात, त्या या दुरुस्तीमुळे. कोणाच्या मोठ्या मनामुळे नाही.

आणि इथेच आमच्या मूळ प्रश्नाची गाठ आहे. अनुच्छेद २४३-ड मधले आरक्षण पंचायतीतल्या थेट निवडणुकीने भरायच्या जागांना आहे. ग्रामपंचायत कायद्यात दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांना सामाईक कामासाठी संयुक्त समिती नेमता येते. पाच गावांची एक नळयोजना, सामाईक घनकचरा, गडावर येणाऱ्या पर्यटकांसाठी वाहनतळ आणि त्याची वसुली, अशा कामांना ही सोय उपयोगी आहे. पण अशा समितीवर माणसे नेमली जातात, निवडून येत नाहीत. पाच पंचायती आपापला एकेक 'वजनदार' माणूस पाठवतात. पाच गावांत मिळून बौद्धांची पन्नास घरे असली तरी समितीत एकही बौद्ध नसणे हे सहज घडते, आणि त्यात कोणताही कायदा मोडत नाही. गावात राखीव जागेने मिळालेला आवाज गावांच्या एकत्र येण्यात गळून पडतो. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची २०१५ मध्ये स्थापना झाली आणि भोर-वेल्ह्याचा काही भाग त्यात गेला. तिथे तर ग्रामसभेपासूनचे अंतर आणखी वाढते. मार्च २०२२ पासून कित्येक वर्षे पुणे जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांवर प्रशासक होते. त्या काळात राखीव जागांवरचे सदस्यही नव्हते आणि खुल्या जागांवरचेही नव्हते, पण खुल्या जागेवाल्यांना अधिकाऱ्याच्या दालनात जायला सदस्यत्वाची गरज पडत नाही.

उलट बाजूही पाहा. एका गावात पाच-सात बौद्ध घरे. वस्ती सुधार योजनेचा निधी वस्तीच्या लोकसंख्येच्या टप्प्यांनुसार मिळतो, आणि छोटी वस्ती खालच्या टप्प्यात अडकते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. पण ज्या पंचायतीचे उत्पन्नच चिमूटभर, तिचे १५ टक्के म्हणजे दोन दिव्यांचे खांब. आमचा अनुभव असा की हा पैसा बहुतेक वेळा समाजमंदिराच्या फरशीत किंवा सतरंज्या-भांड्यांत संपतो, कारण एवढ्याशा पैशात दुसरे काही बसत नाही. हेच एका खोऱ्यातल्या आठ-दहा पंचायतींनी आणि जिल्हा परिषदेच्या २० टक्के सेसमधून मिळणाऱ्या वाट्याने जोडून केले, तर मुलींसाठी एक वसतिगृह, एक अभ्यासिका, स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांसाठी पुण्यापर्यंत रोजची गाडी, असे काही उभे राहू शकते. म्हणजे सहकार्याचा सर्वाधिक फायदा ज्यांना होऊ शकतो, ते आपणच आहोत. सासवडच्या ५१ गावांनी जे केले, त्याला आज कायद्याची चौकटही आहे.

म्हणून संयुक्त समितीच्या ठरावाला नुसता विरोध करणे आम्हाला मान्य नाही, आणि नुसता हात वर करणेही नाही. असा ठराव ग्रामसभेत आला की तो वाचून दाखवायला लावावा. समितीत अनुसूचित जातीचा आणि महिलांचा सदस्य असेल, हे ठरावाच्या मजकुरातच लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन इतिवृत्तात उतरत नाही. नळयोजना असेल तर टाकीपासून वस्तीपर्यंतची जलवाहिनी पहिल्या टप्प्यात आहे की 'निधी उपलब्ध झाल्यावर'च्या टप्प्यात, ते आराखड्यावर बोट ठेवून विचारावे. देखभालीची पट्टी किती आणि थकल्यास नळ कोणाचा आधी तुटणार, हेही. गट ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभा दरवेळी मोठ्याच गावात का, वस्त्यांत आळीपाळीने का नाही, हा ठराव कोणीही मांडू शकतो. त्याला पैसा लागत नाही.

आणि शेजारच्या गावातल्या आपल्या सदस्याचा फोन नंबर आपल्याकडे असावा. एका खोऱ्यातल्या सर्व पंचायतींतले राखीव जागेवर निवडून आलेले सदस्य आणि सरपंच एका यादीत आणले, तर ती यादी किती लांब होते ते पाहून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. वेळवंड खोऱ्याची, हिर्डोशीची, गुंजवणीची अशी यादी करायला आम्ही घेतली आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी ज्या गावांची नावे येतील, त्यांच्या सदस्यांना आपण एकाच मजकुराचा ठराव पाठवू, आणि तो प्रत्येक गावात एकाच दिवशी मांडला जाईल.

जय भीम.